नर्सरीतलं बाशिंग: झाड अस्सल, कुंडी चुकीची

‘ओक लीफ फर्न’ अशी चिठ्ठी लावून नर्सऱ्यांमध्ये हल्ली जो नेचा मिळतो, तो आपला बाशिंगच. कोकणातल्या जुन्या आंब्यांच्या फांद्यांवर आणि घाटातल्या कातळांवर वाढणारा. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये याची नोंद केली आणि पानांचा आकार ओकसारखा म्हणून क्वेर्सिफोलिया हे नाव दिलं. आज शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. घरात लावायला यासारखा चिवट देशी नेचा क्वचितच मिळेल. पण तो ज्या रूपात विकला जातो त्यात तीन मोठे दोष आहेत.

पहिला दोष छाटणीचा. बाशिंगाला दोन तऱ्हेची पानं असतात. लांब देठाची, खोल कातरलेली हिरवी पानं अन्न तयार करतात आणि बीजाणूही धरतात. दुसरी बिनदेठाची, रुंद, खोडाला चिकटून उभी राहणारी. ती थोड्याच काळात तपकिरी आणि कागदासारखी होतात, पण गळत नाहीत. वरून पडणारा पालापाचोळा त्यांच्यामागे साठतो, कुजतो, आणि मुळं त्यावर जगतात. नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखी दिसणारी हीच ती पानं, नाव त्यांच्यावरूनच पडलं. रोप टवटवीत दिसावं म्हणून विक्रेते नेमकी हीच ‘वाळलेली’ म्हणून कापून टाकतात. म्हणजे झाडाचं खताचं भांडंच काढून घेतात. तपकिरी पानं शाबूत असलेलंच रोप घ्या, मग हिरवी पानं दोनच असली तरी चालेल.

दुसरा दोष कुंडीचा. लाल माती आणि कोकोपीट दाबून भरलेली प्लास्टिकची कुंडी, आणि त्यात पुरलेलं आडवं खोड. हा नेचा झाडावर राहतो, पण बांडगूळ नव्हे. यजमान झाडाचा रस तो शोषत नाही, फक्त आधार घेतो. त्याच्या मुळांना हवा लागते. ओल्या मातीत गाडलेलं खोड पावसाळ्यात मऊ पडतं, दाबलं की पाणी सुटतं, आणि मग फारसा इलाज उरत नाही.

तिसरा दोष जास्त गंभीर: काही रोपं सरळ जंगलातून ओरबाडलेली असतात. खोडाला झाडाची साल चिकटलेली, मुळं तुटलेली, एका बाजूला ताजा कोयत्याचा घाव, अशी रोपं दिसली तर घेऊ नका. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात याचीच खोडं ‘मुडवाट्टुकाल’ नावाने सूपासाठी विकली जातात, त्यामुळे रानातल्या बाशिंगाला तोडीचा ताण आधीच आहे. नर्सरीत वाढवलेल्या रोपाची मुळं कुंडीभर पसरलेली असतात. हळूच उपटून पाहायला सांगा, लगेच कळतं.

घरी आणल्यावर जूनच्या पहिल्या पावसात फळीवर चढवा. खडबडीत लाकडाची फळी, त्यावर नारळाच्या सोडणाचा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर, मुळं त्यात, खोड मात्र वर उघडं. त्यावरची पिंगट लव खारीच्या शेपटीसारखी दिसते, ती झाकू नका. तंगुसाने (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने) बांधा, पण खोडात रुतेल इतकं घट्ट नको. मुळं धरेपर्यंत फळी हलवू नका. कुंडीतच ठेवायचं असेल तर सोडणाचे तुकडे तीन भाग, सालीचे तुकडे दोन भाग आणि लाकडी कोळसा एक भाग घ्या. माती अजिबात नको.

सकाळचं कोवळं ऊन मिळणारी पूर्वेची बाल्कनी उत्तम. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा फळी दहा मिनिटं बादलीत बुडवा. खत म्हणून तपकिरी पानांमागे मूठभर वाळका पाला आणि चिमूटभर गांडूळखत पुरे.

दोन गोष्टींमुळे लोक हमखास घाबरतात. कोरड्या दिवसांत हिरव्या पानांचे कातरलेले भाग एकेक करून गळतात आणि नुसत्या शिरा उभ्या राहतात. रानातही असंच होतं. खोड कडक असेल तर झाड जिवंत आहे, पाणी कमी करा, पावसाळ्यात नवी पानं येतात. दुसरं म्हणजे पानाखालचे तपकिरी ठिपके. बाजूच्या शिरांच्या मधोमध दोन ओळींत शिस्तीत मांडलेले असतील तर ते बीजाणुपुंज, त्यांना हात लावू नका. कुठेही विखुरलेले, नखाने सुटणारे आणि चिकट असतील तर ती खवलेकीड. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. तेलकट फवारणी आधी एका पानावर करून पाहा, नेच्याची पानं पटकन करपतात.

फळी निवडताना कंजूषपणा नको. पूर्ण वाढलेलं हिरवं पान तीन फुटांपर्यंत जातं, आणि खोड सरपटत बाजूला वाढतं, म्हणून निदान दीड फुटी फळी घ्या.