सेफ्टी डोअर: जाडजूड दिसतो, पण चौकटीचं काय?

पुण्यात घरात घुसून कुटुंबांचे खून झाले, त्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या काळात, १९७६-७७ मध्ये, पुणेकर संध्याकाळीच दारं लावून घेत. चौघा खुन्यांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली. घरात घुसून कुणाला मारलं की फाशीची मागणी आजही होते, आणि त्याच आठवड्यात सेफ्टी डोअरची चौकशी वाढते. भीती खरी आहे, म्हणूनच घाईत घेऊ नका.

बाजारातला लोखंडी जाळीचा दरवाजा चांगला, पण बसवणारा बहुधा घोळ घालतो. लाथ मारली की कुलूप तुटत नाही, कडी अडकते तिथली चौकट फाटते. कारण स्ट्राइक प्लेटला, म्हणजे कडी अडकते त्या चौकटीवरच्या पट्टीला, २० मिमीचे स्क्रू असतात, ते लाकडात जेमतेम धरतात. ७५ मिमीचे, भिंतीपर्यंत जाणारे मारून घ्या. लोखंडी चौकटीमागची पोकळी सिमेंटने भरून घ्या. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन निघणारी नको. कडीजवळ जाळीऐवजी पत्रा हवा, नाहीतर बाहेरून हात घालून कडी काढता येते. सेफ्टी चेनवर विसंबू नका, एका धक्क्यात उपटते. आतलं लाकडी दार बंद ठेवूनच पीपहोलमधून बघायचं.

दरवाजाला चार तारे, फिटिंगला दोनच.