घर विकायच्या आधी घरपोच रंगकामाची सर्विस घेतली (शहापूर, बेळगाव), पाचपैकी साडेतीन

शहापुरातलं आजोबांचं घर विकायला काढलंय, त्याच्या आधी जरा चेहरामोहरा बरा करावा म्हणून एका पेंट कंपनीची घरपोच सर्विस असते बगा, सुपरवायझर येतो, मोजमाप, कोटेशन, रंगारी सगळं त्यांचंच, ती घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, काम करणारे इथलेच कॉन्ट्रॅक्टर असतात आणि टीम बदलली की काम बदलतं. पण जुनं कौलारू घर विकणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सांगायलोय.

पैसे वसूल झाले ते पहिल्याच व्हिजिटमध्ये, आणि ती फुकट होती! सुपरवायझर म्हणजे खानापूरकडचा पोरगा, लेझरनं भिंती मोजल्या आणि मग ओल मोजायचं छोटं मशीन घेऊन भिंतीभिंतीला लावत फिरला. सोपा म्हणजे पुढची खोली ठीक, माजघर ठीक, परसाकडच्या पश्चिमेच्या भिंतीला लावलं आणि म्हणाला, "काका, हिला आत्ता काय बी लावू नका, पुढच्या पावसाळ्यात सगळे पोपडे हातात येतील. पाणी बाहेरनं कुठनं येतंय ते आधी बगा की." बेळगावचा पाऊस पश्चिमेकडनं झोडपतो हे आपल्याला माहीत असतंय, पण बाहेर जाऊन बघितलं तर पन्हळच फुटलेली आणि वळचणीचं सगळं पाणी भिंतीवरनं खाली. वर कुणीतरी कधीकाळी त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून ठेवलेला. आमची भिंत जांभ्या दगडाची, सांध्यात माती भरलेली, ती ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते, तिच्यावर सिमेंट चोपडलं की ओल आतच कोंडते आणि मग लोणा फुटतो, म्हणजे भिंतीवर पांढरा खार येतो. गवंडी आपला आपण आणला, पन्हळ बदलली, कौलं परतून घेतली, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला आणि ती भिंत वाळायला सोडून दिली.

आता गंमत बगा. ऑफिसातनं कोटेशन आलं त्यात त्याच भिंतीला आतनं वॉटरप्रूफ कोट! त्यांच्याच माणसानं नको म्हणून सांगितलेलं. शिवाय सोप्यात टेक्स्चरची भिंत, फॉल्स सीलिंग आणि सगळीकडं सगळ्यात महागातला रंग. फॉल्स सीलिंग केलं असतं तर सागवानी तुळया झाकल्या असत्या, आणि जुन्या घरात दाखवण्यासारखं तेवढंच असतंय. मी सगळं काढून साधं इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, ठेवायला सांगितलं तर फोनवरच्या बाई दोनतीनदा "सर, रिसेल व्हॅल्यू" म्हणाल्या. अहो, शहापूर वडगावकडं जुनं घर घेणारा निम्म्या वेळा पाडायच्या हिशेबानंच येतोय, तो रस्त्याकडची रुंदी बघतो, गाडी लागते का बघतो. टेक्स्चरचे पैसे तो कशाला देईल?

रंगकाम तसं चांगलं. फर्निचर प्लास्टिकनं झाकलं, भिंती घासायचं मशीन व्हॅक्यूमवालं, त्यामुळं घरभर धूळ नाही, संध्याकाळी झाडून जायचे. फक्त खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडाच घासायला लागले ते मी थांबवलं. आपल्याकडं घरच्या रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या आधीच्या रंगाचा काय भरवसा, आणि शेजारची पोरं दिवसभर दारात खेळायलेली. पाणी मारून घासा म्हटल्यावर केलं, पण हे त्यांना माहीत पाहिजे होतं. शहाबादी फरशीवर दाराशी थेंब पाडले ते नीट निघाले नाहीत. आणि सागाच्या दारालाही ऑइलपेंट मारायला निघालेले, वहिनी ओरडल्या म्हणून वाचलं, नुसतं पॉलिश केलं.

रंग मोतिया घेतला, बरा दिसतोय. पण खरं सांगू का, उजेड रंगानं पडला नाही, कौलं परतताना माजघरावर काचेची दोन कौलं घातली त्यानं पडला. गवंड्याची आयडिया. बघायला आलेले सगळे माजघरात आल्यावर वर बघतात.

आणि ते विचारतात काय, तर ओल आहे का, पाणी किती दिवसांनी येतंय, परसातल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतंय का, आणि ई-खाता, म्हणजे घराचा मालकीचा सरकारी ऑनलाइन उतारा, झालाय का. रंग कुठल्या कंपनीचा हे आजपर्यंत एकानं विचारलेलं नाही. ई-खाता नसला तर 2024 च्या ऑक्टोबरपासून खरेदीची नोंदणीच होत नाही, त्यामुळं रंगाऱ्याच्या आधी ते काम लावा, घर आजोबांच्या नावावर असलं तर वारसा नोंदीपासून सुरुवात आहे. त्यात 2025 च्या ऑगस्टअखेर नोंदणी फी एक टक्क्याची दोन टक्के झाली, घेणारा आधीच वैतागलेला असतोय, भिंतीवर एक डाग दिसला की तेवढ्यावर धरून भाव पाडतो. म्हणून ओलीवर खर्च करा म्हणतो मी.

सर्विसला साडेतीन देतोय, त्यातले दोन त्या खानापूरच्या पोराचे. अर्धा कापला तो कोटेशनसाठी, एक फरशी आणि खिडक्यांसाठी. घ्यायची तर व्हिजिट नक्की बोलवा, जमलं तर पावसाळा संपल्या संपल्या, तेव्हा ओल खरी कळते. कोटेशनमध्ये दारंखिडक्यांचं माप भिंतीतनं वजा केलंय का बगा. आमच्यात केलेलं नव्हतं, विचारल्यावर निमूट कमी केलं.