दीड वर्ष वापरल्यानंतर: गॅस क्रोमॅटोग्राफचा अणुउत्सर्जन डिटेक्टर

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या लहानशा प्रयोगशाळेत भाजीपाल्यातील कीटकनाशकांचे अंश तपासले जातात. इथली भाजी रोज गोव्याला जाते, त्यामुळे काम भरपूर असते. दीड वर्षापूर्वी आम्ही गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वायुरूपात वेगळे करणाऱ्या यंत्राला, जोडण्यासाठी एक वापरलेला अणुउत्सर्जन डिटेक्टर घेतला.

कॉलममधून, म्हणजे पदार्थ वेगळे करणाऱ्या बारीक नळीतून, बाहेर पडणारा पदार्थ हेलियमच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, शिरला की त्याचे रेणू फुटतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देते: गंधक १८१, कार्बन १९३, क्लोरीन ४७९ नॅनोमीटरला. हा प्लाझ्मा २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे घरातल्या मायक्रोवेव्हच्याच लहरींवर टिकतो. बीनाकर या संशोधकाने १९७६ मध्ये वातावरणाच्या दाबाला हेलियमचा प्लाझ्मा टिकवणारी पोकळी मांडली, तेव्हापासून ही पद्धत खऱ्या अर्थाने सोयीची झाली.

यंत्राची परीक्षा कोबीने घेतली. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाच्या रेणूत क्लोरीनचे तीन आणि गंधक व फॉस्फरसचा प्रत्येकी एक अणू असतो, म्हणून मी आधी गंधकाचा आलेख काढला, तर त्यात शिखरांचे (प्रत्येक शिखर म्हणजे बाहेर पडलेला एक पदार्थ) नुसते रान माजलेले. आमचा सहायक शांतपणे म्हणाला, "सर, कोबीतच गंधक असतंय की!" क्लोरीनच्या आलेखात मात्र सपाट रेषेवर एकच शिखर उभे होते, फॉस्फरसचेही त्याच मिनिटाला आले आणि दोघांतील अणूंचे प्रमाण तीनास एकच्या जवळ निघाले. क्लोरीनयुक्त कीटकनाशकांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरने एवढे सांगितले नसते. तरीही पदार्थाचे नाव हे यंत्र सांगत नाही; ते आम्ही रेणूंच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवरूनच पक्के करून घेतले.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. गंधक, क्लोरीन आणि फॉस्फरस यांना वेगवेगळे साहाय्यक वायू आणि तरंगलांबीचे वेगळे पट्टे लागत असल्याने आमच्याकडे एका नमुन्याची तीन इंजेक्शने होतात. हवा १९० नॅनोमीटरखालचा प्रकाश शोषते, म्हणून डिटेक्टरच्या प्रकाश मोजणाऱ्या भागातून (स्पेक्ट्रोमीटर) नायट्रोजन सतत वाहता ठेवावा लागतो. नमुना ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचा लोंढा प्लाझ्मात जाऊ दिला तर प्लाझ्मा विझतो आणि त्याच्या नळीत काजळी धरते. लाइट गेली तर दिवसाचा निम्मा वेळ स्थिरावण्यातच जातो. यूपीएसशिवाय हे यंत्र घेऊच नये. हेलियमचा खर्च तर पाहुण्यासारखा मुक्कामालाच आला आहे.

रोज ठरावीक चार कीटकनाशके तपासणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. नमुन्यात अनोळखी शिखरे येत असतील आणि मास स्पेक्ट्रोमीटर हाताशी असेल, तर मात्र मी हा डिटेक्टर पुन्हा घेईन. विक्रेत्याने प्लाझ्माची सिलिकाची नळी आठ दिवसांत देतो असे सांगितले होते, ती आली दोन महिन्यांनी. आता एक नळी कपाटात शिल्लक असल्याखेरीज आम्ही दुसरी यंत्रात बसवत नाही.