लीचेसवर मॅच बघायची तर आधी ती पट्टी बंद करा

बुद्धिबळाचं कुठलं ॲप घेऊ असं मला गुकेश जगज्जेता झाल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकते. माझं उत्तर लीचेस. चार वर्षं झाली, रोज वापरतेय. खेळायला, कोडी सोडवायला आणि सगळ्यात जास्त म्हणजे मोठ्या मॅचेस बघायला. आणि या बघण्याबद्दलच मला जास्त बोलायचंय कारण त्यावर कोणी लिहीतच नाही, सगळे रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) आणि ओपनिंगवर (डावाच्या सुरुवातीच्या चाली) येऊन थांबतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं हे सुरू केलं, आता ती ना-नफा संस्था आहे आणि सगळा खर्च लोकांच्या देणग्यांवर चालतो. जाहिरात एकही नाही. प्रीमियम वगैरे प्रकारच नाही, जे आहे ते सगळ्यांना सारखं. देणगी दिली तर नावाशेजारी एक छोटंसं पंखाचं चिन्ह येतं, बस, जास्तीची एकही सोय मिळत नाही आणि तरी लोक देतात, मीही देते. कोड सगळा उघडा आहे, कोणीही बघावा. भाषा बदलून मराठी करता येते, ते भाषांतरही स्वयंसेवकांनीच केलंय.

याआधी मी दुसऱ्या एका ॲपवर खेळायचे, नाव घेत नाही. तिथं डाव हरला रे हरला की समोर जाहिरात, आणि कुठं चुकलं ते बघायला जावं तर आजचं फुकट विश्लेषण संपलं, उद्या या किंवा पैसे भरा. हरल्यावर लगेच जी शिकायची इच्छा असते ना, नेमकी तीच अडवून ठेवायची, हे मला कधीच पटलं नाही. लीचेसवर डाव संपला की स्टॉकफिश हे जगातल्या सगळ्यात ताकदवान इंजिनांपैकी, म्हणजे चाली मोजणाऱ्या प्रोग्रॅमपैकी, एक तिथंच मिळतं, हवं तितक्यांदा. शिवाय 'तुमच्या चुकांमधून शिका' असं एक बटण आहे, ते मला फार म्हणजे फार आवडतं. तुम्ही जिथं चुकलात ती स्थिती परत समोर मांडतं आणि म्हणतं इथं जास्त चांगली चाल शोधा. उत्तर आधी देत नाही, तुम्हालाच शोधायला लावतं. एकदा मी वजीर वाचवायच्या नादात समोरच्याला दोन चालीत सरळ देता आली असती ती मात सोडून दिली होती, ती अशी परत बसून स्वतः शोधली तेव्हापासून वजिरावर हल्ला झाला की माझा हात आपोआप थांबतो आणि आधी समोरच्या राजाकडे नजर जाते.

आता मुद्द्यावर येते. ब्रॉडकास्ट.

मोठी स्पर्धा चालू असली की लीचेसवर प्रत्येक चाल लगेच दिसते, दोघांची घड्याळं दिसतात, आणि पटाच्या बाजूला एक उभी पट्टी असते, इव्हॅल बार म्हणतात तिला. पांढरा भाग वाढला की पांढरा पुढे, काळा वाढला की काळा पुढे. इंजिन आत बसून सारखं मोजत असतं आणि पट्टी वरखाली होते. नवीन माणसाला हे भारी वाटतं, मलाही वाटलं होतं, क्रिकेटचा स्कोअर दिसावा तसं.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाची मॅच, गुकेश विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन, चौदावा आणि शेवटचा डाव, गुकेशकडे काळे मोहरे. मॅच साडेसहा-साडेसहा गुणांवर बरोबरीत. मी कामात होते, एका खिडकीत ब्रॉडकास्ट उघडं ठेवलेलं आणि नजर फक्त त्या पट्टीवर. बाबा त्यांच्या घरी बघत होते, तेही लीचेसवरच, पण ते पट्टी बंद ठेवतात, कायम. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं पण पट्टी जवळजवळ मध्यावर, कितीतरी वेळ, म्हणून मी धरूनच चालले की बरोबरी होणार आणि दुसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे निकाल लावायला कमी वेळेचे डाव. मध्येच मेलला उत्तर देऊन परत बघते तर पट्टी धाडकन काळी. मी ओरडलेच, बाबांना फोन लावला आणि म्हटलं बाबा, गुकेश जिंक... तर तिकडून आवाज, "थांब, सांगू नकोस, मी बघतोय." आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं त्यांचाच फोन. आवाज थरथरत होता. "अगं, डिंगचा उंट कोपऱ्यात बसलाय, ए८ वर, त्याला पळायला जागाच नाही. आधी हत्तीला हत्ती, मग हा उंटाला उंट देणार. देणारच. मग उरतात राजे आणि प्यादी, आणि प्यादं आपलं जास्त."

तेच झालं. ५५व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणला, गुकेशनं हत्ती मारला, मग उंट डी५ वर आणून समोर उभा केला, डिंगला उंट घ्यावाच लागला आणि ५८व्या चालीला त्यानं डाव सोडला. साडेसात-साडेसहा. अठराव्या वर्षी जगज्जेता, आधीचा सगळ्यात तरुण कास्पारोव्ह, तो १९८५ मध्ये बावीस वर्षांचा होता. आणि एवढा मोठा क्षण घडला तेव्हा मी काय पाहिलं तर एक पट्टी काळी झाली. बाबांनी उंट पाहिला. ते नुसते प्रेक्षक नव्हते त्या वेळी, ते डावात होते, त्यांनी ती चाल स्वतः शोधली होती गुकेशबरोबर. मला जिंकल्याची बातमी मिळाली आणि बाबांना डाव मिळाला. हे मला त्या दिवशी इतकं लागलं की तेव्हापासून मी पट्टी बंद करते, इंजिनही बंद करते, आणि आधी स्वतः बघते.

म्हणून लीचेसची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही की तिथं हे बंद करता येतं. दोन क्लिकचं काम. कोणी अंगावर येऊन सांगत नाही की ही चाल जबरदस्त, ही चाल चूक. पट, मोहरे, घड्याळं आणि शांतता. स्वतः खेळताना झेन मोड लावला तर रेटिंगसुद्धा दिसत नाही, चॅटही नाही.

हल्ली बुद्धिबळ बघणं म्हणजे क्लिप बघणं झालंय त्याचंही मला वाईट वाटतं. जून २०२५ मध्ये नॉर्वे चेस स्पर्धेत गुकेशनं माजी जगज्जेता कार्लसनला क्लासिकलमध्ये, म्हणजे लांब वेळेच्या डावात, पहिल्यांदा हरवलं आणि कार्लसननं टेबलावर मूठ आपटली, ती क्लिप ज्यांना घोडा कसा चालतो माहीत नाही त्यांनीही पाहिली. आणि मग जो तो कार्लसनच्या वागण्यावर बोलायला लागला, असं करावं का, शोभतं का. माझं मत विचाराल तर आपटली तर आपटली, लगेच सॉरीही म्हणाला, हरल्याचा राग यायलाच हवा एवढ्या मोठ्या खेळाडूला. पण डाव किती जणांनी पाहिला? मी लीचेसवर तो पहिल्या चालीपासून पुढेमागे करत पाहिला, इंजिन बंद करून, आणि बराच वेळ कार्लसनच वरचढ आहे हे माझ्यासारखीलाही कळत होतं. गुकेश नुसता टिकून होता, चालीमागून चाल, हार न मानता, आणि मग वेळ कमी उरल्यावर चूक कार्लसनकडून झाली. ते टिकून राहणं ही त्या दिवसाची खरी गोष्ट होती. क्लिपमध्ये ते मावत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला कार्लसनच्या जीन्सवरून एवढा गदारोळ झाला तेव्हाही तेच, कपड्यांवर सगळे तज्ज्ञ, रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत, त्या दिवशी कोण काय खेळलं ते कोणाला विचारून बघा.

दिव्या देशमुखचं मात्र मी लाईव्ह पाहिलं आणि नीट पाहिलं. जुलै २०२५, बातुमी, महिला वर्ल्ड कपची फायनल, समोर कोनेरू हंपी. म्हणजे कोणीही जिंको, आपलाच विजय, पण म्हणून धडधड काही कमी होत नाही हो. दोन क्लासिकल डाव बरोबरीत, मग २८ तारखेला रॅपिड, त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात शेवटी शेवटी मी पट सोडून घड्याळांकडेच बघत होते. हंपीसाठी जीव तुटत होता, इतकी वर्षं तिनं एकटीनं हे सगळं वाहून नेलंय, आणि दिव्यासाठी उड्या माराव्याशा वाटत होत्या. १९ वर्षांची मुलगी, स्पर्धेला आली तेव्हा ग्रँडमास्टर या सगळ्यात मोठ्या किताबासाठी लागणारा एकही नॉर्म (ठरावीक दर्जाची कामगिरी) नव्हता आणि जाताना वर्ल्ड कप जिंकून थेट ग्रँडमास्टर, भारताची ८८वी. पट्टी चालू असती तर प्रत्येक चालीला मी दोघींपैकी कोणाला तरी मनात दोष देत बसले असते, हिनं हे का नाही खेळलं, तिला एवढं कसं दिसलं नाही. पट्टी नव्हती म्हणून मलाही त्यांच्याइतकंच कठीण वाटत होतं, आणि मला वाटतं खेळणाऱ्याबद्दल आदर त्यातूनच येतो. इंजिनाच्या जोरावर जगज्जेत्याला 'काय हे, साधी चाल दिसली नाही' म्हणणारे लोक वाढलेत ते या पट्टीमुळेच, असं माझं अगदी ठाम मत आहे.

बाकीचं भराभर. कोडी ५० लाखांहून जास्त आहेत आणि ती लोकांच्या खऱ्या डावांमधून काढलेली असतात, कोडं सुटल्यावर मूळ डावही उघडता येतो. विषय निवडता येतो, मी सध्या फक्त हत्तीची एंडगेम (मोजकेच मोहरे उरल्यावरचा शेवटचा टप्पा) करतेय कारण त्या १४व्या डावानंतर डोक्यात तेच बसलंय. खेळायला विरोधक कुठल्याही वेळी काही सेकंदात मिळतो. खातं न उघडताही कंप्युटरशी खेळता येतं, आठ पातळ्या आहेत. अंधांसाठी वेगळी मांडणी आहे, पट न बघता चाली लिहून खेळता येतं. फसवणूक करणारा सापडला की खातं दिसेल असं मार्क होतं आणि तुमचे गेलेले गुण परत येतात, तसा निरोपही येतो.

एक छोटंसं बटण आहे, अधिकचं चिन्ह असलेलं, समोरच्याच्या घड्याळाजवळ. ते दाबलं की समोरच्याला १५ सेकंद जास्त मिळतात. तुमच्या नाही, समोरच्याच्या घड्याळात. मला एकदा एका अनोळखी माणसानं असे १५ सेकंद दिले होते, माझी वेळ संपत आली होती आणि डाव रंगात होता, त्याला बहुतेक असं जिंकायचं नव्हतं. मी हरले शेवटी पण तो डाव मी जपून ठेवलाय.

कमी काय वाटतं? शिकवणारं कोणी नाही. सुरुवातीचे धडे आहेत, मोहरे कसे चालतात इथपासून, लोकांनी बनवलेले स्टडी, म्हणजे चाली आणि टिपणांसह मांडलेले धडे, आहेत आणि त्यातले काही फारच सुंदर आहेत, पण 'आता हे शिक, मग ते' असा हात धरून नेणारा रस्ता नाही, तो तुमचा तुम्हालाच शोधावा लागतो. इंजिन काय चुकलं ते सांगतं, का चुकलं ते सांगत नाही, आणि अगदी नवख्या मुलाला त्या 'का'चीच गरज असते. त्याला शेजारी माणूसच हवा. दुसरं म्हणजे इथलं रेटिंग १५०० पासून सुरू होतं त्यामुळे आकडा मोठा दिसतो, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या रेटिंगशी त्याची तुलना करू नका, मोजायची पद्धतच वेगळी आहे. रंगरूप साधं आहे, कोणाला कोरडं वाटेल. मला तेच हवं असतं.

बघायचं कसं ते सांगते कारण बरेच जण शोधत बसतात. वरच्या मेनूत 'बघा' मध्ये ब्रॉडकास्ट आहे, तिथं स्पर्धा निवडा, डाव उघडा, आणि इंजिनचं बटण आणि पट्टी दोन्ही बंद करा. प्रत्येक चालीनंतर मनात एक चाल धरा, मग काय येते ते बघा. दहातल्या दोन जुळल्या तरी बसल्या जागी उडी मारावीशी वाटते. सगळा डाव संपल्यावर मग लावा इंजिन, तोपर्यंत नाही.

बाबांचा आणि माझा एक डाव सध्या चालू आहे, पत्रव्यवहाराच्या प्रकारातला, एका चालीला तीन दिवस. काल रात्री त्यांनी घोडा माझ्या राजाच्या अगदी शेजारी आणून ठेवलाय. फुकट दिलाय की सापळा आहे, सकाळपासून बघतेय, अजून कळलेलं नाही, आणि माझ्याकडे अजून दोन दिवस आहेत.