विणलेला सुती स्तन: एसटीच्या ड्युटीवर वापरून

मी सातारा विभागात एसटी कंडक्टर आहे. कॅन्सरमुळे डावा स्तन काढल्यावर आधी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वापरला, नंतर हा क्रोशाने विणलेला. ज्या बाईला दिवसभर उभं राहून काम करायचं आहे तिने विणलेलाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत झालंय.

मऊ सुती धाग्याचा गोल विणतात आणि पुढे मध्यभागी एक बारीक गाठ देतात. मागच्या बाजूला तोंड असतं आणि त्यात दोरी ओवलेली असते. ती सैल केली की आतला कापूस कमी-जास्त करता येतो. हा कापूस म्हणजे उशीत भरतात तो कृत्रिम. मला मिळालेला ठासून भरलेला होता. मी त्यातला मूठभर काढला, उजव्या बाजूशी आरशात जुळवला आणि दोरी आवळली. हातात घेतलं तर वजन जाणवतच नाही.

अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट या बाईंनी स्वतःच्या ऑपरेशननंतर २०११ मध्ये असे स्तन विणून मोफत वाटायचं काम सुरू केलं. आता आपल्याकडेही स्वयंसेवी बायका ते विणतात. मला एका गटाकडून मोफत मिळाला.

सिलिकॉनचा दिसायला खऱ्यासारखा दिसतो, त्यात वाद नाही. वजनही खऱ्याएवढं, त्यामुळे ज्यांची छाती भारी आहे त्यांचे दोन्ही खांदे समतोल राहतात. त्यांनी तोच बघावा. पण त्याला हजारो रुपये लागतात आणि टाचणी-पिन लागली की तो फुटतो. उन्हाळ्यात दुपारच्या गाडीत त्याच्याखाली घामाची धार लागते. मला तर व्रणाच्या कडेला पुरळ उठलं होतं. सुती धागा घाम शोषतो. केळघर घाटात गाडी वळणावर असताना मी मागच्या सीटपर्यंत तिकीट फाडत जाते, तेव्हा कॅशबॅगेचा पट्टा छातीवरून तिरका येतो. तो पट्टा सिलिकॉनवर दाबला की सगळा भार व्रणावर यायचा. विणलेला तेवढ्यापुरता दबतो आणि पट्टा सरकवला की परत फुगतो.

याची अडचण एकच, हलका असल्यामुळे तो वर चढतो. तिकीट देताना हात वर दांडीला गेला की डावी बाजू उजवीपेक्षा वर दिसायला लागते. त्यावर उपाय म्हणजे ब्राच्या आत कप्पा शिवायचा. मी जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला आणि वरची कड मोकळी ठेवून बाकी कडा टाचल्या. ब्राचा खालचा पट्टा घट्ट बसणारा हवा. सैल ब्रामध्ये कप्पाही उपयोगी पडत नाही. धुताना कापूस काढून ठेवायचा, साध्या साबणाने हातानेच धुवायचं, पिळायचं नाही. कापूस परत भरताना बोटांनी पिंजून भरावा, नाहीतर आत गोळे होतात आणि ते ब्लाउजवरून दिसतात.

आता हात वर जातो म्हणाले, त्याचं सांगते, कारण तो आज वर जातोय तो गाठ लवकर सापडली म्हणून.

तेव्हा माझं वय ३३. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताला काखेच्या अलीकडे हरभऱ्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. जवळच्या डॉक्टरांनी हात न लावताच सांगितलं, "एवढ्या लहान वयात काय होतंय, दुधाची गाठ असेल, जिरेल." माझा मुलगा तेव्हा शाळेत जात होता, दूध कधीच सुटलेलं. पाळी येऊन गेली तरी गाठ जागची हलली नाही, म्हणून मी थेट सर्जनकडे गेले. त्यांनी हाताने तपासलं, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी केली, सुईने तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. तरुण बाईचा स्तन घट्ट असतो, मॅमोग्राफीत तोही पांढरा दिसतो आणि गाठही पांढरी, म्हणून आमच्या वयात सोनोग्राफी लागतेच.

त्याच स्तनात लांबच्या भागात दुसरी गाठ निघाली, म्हणून स्तन पूर्ण काढावा लागला. एकच लहान गाठ असेल तर बहुतेक वेळा तेवढा भाग काढून आणि रेडिएशन देऊन स्तन राखतात. माझ्या काखेत मात्र काही पोचलं नव्हतं. कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या काखेतल्या दोन-तीन लसिका ग्रंथी काढून तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या, बाकीच्या काखेला हात लावला नाही. सगळ्या ग्रंथी काढाव्या लागतात त्यातल्या कितीतरी जणींचा हात कायमचा सुजतो. तसं झालं असतं तर मला तिकीट मशीन सोडून टेबलावरचं काम मागावं लागलं असतं. केमो चुकली नाही, केस गेले, पण ड्युटी परत मिळाली.

आपल्याकडच्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. टाटा मेमोरियलने मुंबईतल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर २० वर्षं अभ्यास केला, त्यात प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या बायकांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीच्या पुढे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तशी घट दिसली नाही. म्हणून तिशी-चाळिशीतल्या बाईने नेमाच्या तपासणीवर विसंबून राहू नये. गाठ, कातडीला खळी, बोंड आत ओढलेलं किंवा त्यातून रक्त, यातलं काही दिसलं की लगेच जावं. तिशीच्या पुढे सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात हाताने तपासणी होते, तिथून सुरुवात केली तरी चालेल.

डेपोच्या लेडीज रूममध्ये मी हा वाळत घातला होता, तेव्हा एका सहकारी बाईने तो उचलून दाबून पाहिला. "एवढंच घालायचं असतं होय?" म्हणाली, आणि मग स्वतःची गाठ मला दाखवली. छाती कापतील या भीतीने तिने ती नवऱ्यालाही सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ड्युटी बदलून घेतली आणि तिला घेऊन गेले. तपासात कॅन्सर नसलेली साधी गाठ, फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाली.

ज्यांना हवाय त्यांनी आपल्या कॅन्सर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारावं. मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशनही असे स्तन विणून मोफत देते. मागताना ब्राचा नंबर, कप आणि कोणती बाजू ते लिहा. जमलं तर दोन मागा. पावसाळ्यात धुतलेला लवकर वाळत नाही आणि सकाळची पहिली गाडी थांबत नाही.