घाटासाठी एएमटी की मॅन्युअल? पावसाळा धरून विचार करा

नोकरी पुण्यात आणि गाव महाडकडे असेल, तर गाडी घेताना हा प्रश्न पडतोच. शहरापुरतं उत्तर सोपं आहे. सिंहगड रोडवरची संध्याकाळ ज्याने क्लच दाबत काढली, त्याला एएमटीचं, म्हणजे क्लच आणि गिअर स्वतःच सांभाळणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीचं, कौतुक मी सांगायला नको. मायलेजमध्येही फारसा फरक नाही. दोन्ही गाड्या मी ताम्हिणी आणि वरंध घाटात भर पावसात चालवल्यात. काही मोजलेलं नाही, हातापायाला जे जाणवलं ते सांगतो.

चढाला एएमटी जरा आळशी. वळणाआधी पाय उचलला की ती वरचा गिअर टाकते, आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की क्षणभर विचार करत बसते. 'एम' मोडमध्ये, म्हणजे गिअर आपण निवडायचा त्या मोडमध्ये, टाकलं की हे बरंच सुधारतं. चढावर अडकलात तर हिल होल्ड (गाडी मागे घरंगळू न देणारी सोय) दोनेक सेकंद धरतो, पुढचं आपलं आपण. हँडब्रेक लावायचा कंटाळा करून ॲक्सिलरेटरवर गाडी तोलू नका. आत साधा कोरडा क्लचच आहे, जळतो.

उतरताना 'डी'मध्ये, म्हणजे पूर्ण ऑटोमॅटिकवर, राहिलात तर सगळा भार ब्रेकवर. डॉट ४ ब्रेक ऑईल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषला की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते, आणि ऑईल उकळलं की ब्रेक नीट लागत नाहीत. म्हणून 'एम'मध्ये दुसरा गिअर. पंचवीस-तीसच्या वेगात इंजिन गाडीला छान धरतं, इथपर्यंत मॅन्युअलशी बरोबरी.

माझं बिनसलं ते त्याहून कमी वेगात. वरंध घाटात धुकं दाटलंय, पुढे एसटीचे लाल दिवे, रस्ता अरुंद. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा २०१७ च्या नियमावलीतलाही नियम, त्यामुळे उतरणाऱ्याला सारखं थांबायचं, सरकायचं. अशा वेळी वेग अगदी उतरला की इंजिन बंद पडू नये म्हणून एएमटी स्वतःच क्लच दाबल्यासारखं करून इंजिन चाकांपासून सोडवते. पहिला गिअर दिसतोय, पण गाडी मोकळी घरंगळतेय. जरा वेग आला की क्लच पुन्हा धरतो, तोही हिसका देऊन. निसरड्या शेवाळलेल्या कडेला तो हिसका मला अजिबात आवडला नाही. मॅन्युअलमध्ये पहिल्या गिअरवर क्लचवरून पाय काढला की गाडी आपल्या चालीने उतरते, ब्रेक फक्त थांबायला. क्लच कधी सुटेल ते आपल्या पायाच्या हातात!

सगळ्या एएमटी अशाच वागतात असं नाही, नव्या गाड्यांची ट्यूनिंग सुधारलीही असेल. गावी मे महिन्यात आणि दिवाळीतच जाणं होत असेल, तर एएमटी घ्या, गुडघे दुवा देतील. गणपतीला आणि भातलावणीलाही जाणं चुकत नसेल, तर मी मॅन्युअलकडे झुकेन. बजेट ताणता येत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) ऑटोमॅटिकही बघा, उतारावर ती एवढा गोंधळ करत नाही.

टेस्ट ड्राइव्ह मात्र सपाट रस्त्यावर उरकू नका. कात्रजच्या जुन्या घाटात न्या, मागे कुणी नाही बघून 'एम'मध्ये पहिल्या गिअरवर अगदी गोगलगाईच्या वेगाला या आणि ब्रेक सोडा. शोरूमचा माणूस काहीही सांगो, गाडी धरलेली आहे की सुटलेली, ते लगेच कळतं.