कामाची नोंद: कागदी वही की साधी टेक्स्ट फाइल?

रोजच्या कामाची नोंद ठेवायची हे ज्यांचं ठरलंय, पण ती कशात ठेवावी यावर अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नोंद म्हणजे कामांची यादी नव्हे. ती टीमच्या बोर्डवर असतेच. आज काय तपासलं, कशाचा संशय आला, कोणता संशय खोटा ठरला, अमुक निर्णय कशामुळे घेतला, ही ती नोंद. तयार मिळणारी अ‍ॅप्स मी यात धरत नाही. दोन-तीन वापरून पाहिली आणि दर वेळी वर्षभरात सगळा मजकूर एक्स्पोर्ट करून साध्या टेक्स्ट फाइलमध्येच आणला. म्हणून माझ्या लेखी पर्याय दोनच उरतात. सहा वर्षं मी फाइल वापरली, गेली चार वर्षं वही वापरतोय.

आधी फाइलची बाजू, कारण ती भक्कम आहे. वर्षाला एक फाइल, प्रत्येक दिवसाला तारखेचा मथळा, सगळं गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली). इतकी माझी मांडणी होती. याहून साधंही चालतं. विंडोजच्या नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत टिंब देऊन पुढे रोमन कॅपिटल अक्षरांत ‘लॉग’ लिहिलं, की दर वेळी फाइल उघडताना शेवटी तारीख आणि वेळ आपोआप पडते. आणि शोधणं! सर्टिफिकेटचा एक विचित्र एरर दीड वर्षाने परत आला, तेव्हा त्यातले तीन शब्द ग्रेपला (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) दिले आणि मागच्या वेळी चालवलेली नेमकी कमांड समोर आली. असं घडलं की केलेल्या नोंदींचं चीज झाल्यासारखं वाटतं.

फाइलमध्ये विचार लिहिता येत नाही असंही नाही. गेम बनवणारे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक नव्वदच्या दशकात आपलं काम ‘प्लॅन’ फाइलमध्ये लिहायचे आणि ‘फिंगर’ ही कमांड देऊन ती कोणालाही वाचता यायची. त्यात ओळीआधी खूण असे: त्याच दिवशी झालेल्या कामाला तारा, नंतर झालेल्याला अधिक, आणि करायचं नाही असं ठरलेल्याला वजा. ती वजाची खूण मला फार मोलाची वाटते. ज्याच्या फाइलमध्ये अशा खुणा नियमाने पडतात, त्याने वहीच्या भानगडीत पडायची गरज नाही.

माझ्या फाइलमध्ये त्या पडत नव्हत्या. फाइलमध्ये चिकटवणं फार सोपं असतं, आणि मला अखेर वहीकडे ढकललं ते त्यानेच.

आमचा रात्री आपोआप चालणारा एक जॉब, म्हणजे प्रोग्रॅम, एक-दोन रात्रींआड फेल व्हायचा. डेटाबेसला पहिलीच क्वेरी (विचारणा) गेली की कनेक्शन तुटल्याचा एरर. दिवसा हाताने चालवला तर बिनतक्रार चालायचा. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, कनेक्शन पूल (पुन्हा पुन्हा वापरायला उघडून ठेवलेली कनेक्शनं) अपुरा पडतोय. पूल वाढवला, दोन रात्री थांबलो, दोन्ही रात्री फेल. पूल पुन्हा होता तसा केला. मग डीएनएसच्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी व्यवस्था) मागे लागलो, मग ड्रायव्हरची आवृत्ती बदलून पाहिली. सोळाव्या दिवशी पूल पुन्हा वाढवला आणि पुन्हा दोन रात्री थांबलो. हे आपण आधी करून बसलोय हे मला आठवलं नाही. फाइल रोज उघडत होतो, पण तिच्यातूनही ते कळलं नाही.

नंतर ते तीन आठवडे मी सलग वाचून काढले. चारशेच्या वर ओळी होत्या: स्टॅक ट्रेस (एरर कोडमध्ये कुठून आला ते दाखवणाऱ्या ओळी), पूलचे आकडे, कमांडचं आउटपुट. माझी स्वतःची वाक्यं मोजली, ती अकरा भरली. पूलचे आकडे दोन्ही तारखांना जसेच्या तसे चिकटवलेले होते. ते कशासाठी पाहिले आणि पाहून काय ठरलं, याबद्दल एक शब्द नव्हता.

दोष शेवटी मधल्या फायरवॉलमध्ये सापडला. बराच वेळ शांत असलेली कनेक्शनं तो कोणालाही न कळवता सोडून द्यायचा, आणि पूल त्यांतलंच एखादं मेलेलं कनेक्शन जॉबच्या हाती ठेवायचा. टीसीपी कीपअलाइव्हची (शांत कनेक्शन जिवंत ठेवायला अधूनमधून जाणारा संदेश) मुदत फायरवॉलच्या मुदतीहून कमी केली, कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासायची सेटिंग चालू केली, आणि प्रकरण मिटलं. मला सलत राहिली ती वेगळीच गोष्ट. पूल मोठा केला की त्यातलं प्रत्येक कनेक्शन कमी वेळा वापरलं जातं, म्हणजे जास्त वेळ शांत राहतं. म्हणूनच पूल वाढवल्यावर जॉब एक-दोन रात्रींआड फेल होण्याऐवजी सलग दोन्ही रात्री फेल झाला. कारणाकडे बोट दाखवणारी खूण पाचव्या दिवशीच माझ्यासमोर होती. ‘वाढवला तर जास्त फेल झाला’ एवढं वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिलं असतं, तर पुढचा प्रश्न आपोआप सुचला असता असं मला आजही वाटतं.

यात फाइलचा दोष किती आणि माझ्या सवयीचा किती, हे वजन करून सांगता येणार नाही. पण ही ओढ माझ्या एकट्याची नसावी. म्युलर आणि ओपनहायमर यांनी २०१४ साली विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास बराच गाजला: लॅपटॉपवर टिपणं घेणारे व्याख्यानातले शब्द जसेच्या तसे उतरवतात, हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पना जास्त कळते. २०२१ मध्ये तोच प्रयोग दुसऱ्या गटाने पुन्हा केला, तेव्हा परीक्षेतला फरक टिकला नाही. पण शब्द जसेच्या तसे उतरवण्याची प्रवृत्ती तेव्हाही दिसली. म्हणून वहीने समज वाढते असा दावा मी करणार नाही. माझा मुद्दा त्याहून लहान आहे: कागदावर स्टॅक ट्रेस चिकटवता येत नाही, त्यामुळे त्याचा अर्थ लिहावा लागतो.

वहीतली माझी नोंद साधारण अशी असते. ‘संशय: पूल लहान. केलं: दहाचे वीस. दिसलं: दोन्ही रात्री फेल. म्हणजे: लहान नव्हता, उलट वाढतंय का?’ हाताला कंटाळा येतो म्हणून वाक्यं तोकडी होतात, पण ‘म्हणजे’ हा शब्द येतोच. टाइप करताना तो माझ्याकडून सर्रास गळायचा. ‘म्हणजे’च्या पुढे लिहायला काही सुचलं नाही, तर आपण तपासणी केलीच नाही, नुसतं बघितलं, हेही तिथल्या तिथे कळतं.

९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत (विजेवर चालणारा स्विच) एक पतंग, म्हणजे उडणारा किडा, सापडला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या नोंदवहीच्या पानाचा फोटो नीट बघा. पतंग टेपने चिकटवलाय, म्हणजे चिकटवणं तिथेही आहेच. पण शेजारी हाताने वेळ लिहिली आहे, १५४५. पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०, आणि खाली हा प्रत्यक्ष सापडलेला पहिलाच बग (शब्दशः किडा, संगणकाच्या भाषेत दोष) असल्याचं एक वाक्य. पुरावा आणि त्याचा अर्थ एकाच पानावर. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनीही टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहिताना १९७८ पासून आपल्या चुकांची नोंद ठेवली आणि १९८९ मध्ये साडेआठशेच्या आसपास चुकांची ती यादी छापली. त्यांनी प्रत्येक चुकीला प्रकारानुसार एक अक्षर दिलं होतं. ही शिस्त माध्यमावर अवलंबून नाही हे मला मान्य आहे. मला ती कागदावर जमली, इतकंच.

आता वहीच्या अडचणी. शोधता येत नाही, ही पहिली आणि खरी. पानांना क्रमांक आणि सुरुवातीला अनुक्रमणिका, हा माझा उपाय. तरी चार वर्षांत सहा-सात वेळा मला दहा-पंधरा मिनिटं पानं उलटावी लागली आणि दोनदा हवं ते सापडलं नाही. ग्रेपची सवय असलेल्याला हे सलणार. दुसरी अडचण लोक नेहमी काढतात ती कमिटच्या हॅशची, म्हणजे गिट प्रत्येक नोंदवलेल्या बदलाला देतं त्या लांब ओळखक्रमांकाची. ती मला प्रत्यक्षात जाणवली नाही. पूर्ण हॅश चाळीस अक्षरांचा असला तरी गिट साधारणपणे पहिली सात दाखवतं आणि बहुतेक रिपॉझिटरींना तेवढी पुरतात. हॅशमध्ये शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच येत असल्याने शून्य की ओ, एक की एल, असा घोळ होत नाही. फक्त रोमन ‘बी’ आणि सहाचा आकडा घाईत सारखे दिसतात, तेवढं जपावं.

वही हरवली तर बॅकअप नाही. मी महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढतो. तेवढ्यावर भागेल असं वाटतं. गुपितांच्या बाबतीत मात्र वही मला जास्त सुरक्षित वाटते. माझ्या जुन्या फाइलमध्ये एकदा कमांडसोबत टोकन (पासवर्डसारखा गुप्त मजकूर) चिकटवलं गेलं आणि तसंच रिमोटवर, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रतीत, पुश झालं. टोकन बदलून घेईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. हाताने कोणी एवढं लांब टोकन लिहीत बसत नाही.

एका ठिकाणी मी आजही न चुकता फाइल उघडतो: ऑन-कॉलवर, म्हणजे बिघाड झाला तर धावून जायच्या पाळीवर, असताना. सिस्टिम पडलेली असताना मिनिटामिनिटाला वेळ हवी, तीही यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ), कमांड जशीच्या तशी हवी, आणि दुसऱ्या टाइमझोनमधल्या सहकाऱ्याला ती लगेच दिसायला हवी. तिथे चिकटवणंच हवं असतं. अर्थ नंतर पोस्टमॉर्टेममध्ये, म्हणजे बिघाडानंतरच्या आढाव्यात, काढायचा असतो. तुमचं निम्म्याहून जास्त काम असं असेल, किंवा तुमच्या नोंदी टीममधल्या इतरांना रोज लागत असतील, तर सरळ फाइल घ्या. वहीचा हट्ट तिथे उपयोगाचा नाही.

पण तुमचा बराचसा दिवस न समजणाऱ्या गोष्टी समजून घेण्यात जात असेल, आणि मागच्या महिन्याची फाइल उघडल्यावर तिच्यात तुमच्यापेक्षा मशीनच जास्त बोलताना दिसत असेल, तर तीन महिने वही वापरून बघा असं मी सुचवेन. पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी सोडा. रोजचं लिखाण फक्त उजव्या पानावर करा, डावं कोरं ठेवा. उजवीकडे लिहिलेल्या संशयाचा निकाल दोन दिवसांनी लागो की दोन महिन्यांनी, तो तारखेसह त्याच्यासमोर डावीकडे लिहायचा. माझ्या आताच्या वहीत चौपन्नाव्या पानासमोरचं डावं पान अजून कोरं आहे. एक टेस्ट फक्त महिन्याच्या शेवटच्या दिवशी फेल होते, तिचं कारण तिथे लिहायचं राहिलंय.